घाबरटांचं बटण

आमच्या गावात ग्लेनिस ट्रान्टरसारखी तिखट जिभेची बाई दुसरी नाही. एकवीस वर्षं शाळेची बस चालवली आणि तितकीच वर्षं बचाव पथकात फुकट राबली. रानात अडकून बीकनवरून, म्हणजे उपग्रहामार्फत मदत मागायच्या खिशातल्या यंत्रावरून, बोलावणाऱ्यांना शोधून आणायचं आणि मग चहा पिताना त्यांची टर उडवायची, हा तिचा शिरस्ता. "पायाला फोड आला म्हणून हेलिकॉप्टर बोलावलं मेल्यानं! बीकन कसला, घाबरटांचं बटण ते. जरा खुट्ट झालं की दाबलं!" आम्ही पोट धरून हसायचो, खोटं कशाला बोला.

साठी उलटल्यावर ती एकटीच पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बिब्बलमनच्या पायवाटेला लागली. रानातून हजार किलोमीटर, थेट दक्षिण किनाऱ्यावरच्या आल्बनीपर्यंत. एकोणिसाव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, झुडपांतून जाताना डाव्या नडगीला काहीतरी टोचलं. खाली पाहते तो वाळक्या पाल्यातून तपकिरी शेपूट सळसळत गेलं. नडगीवर दोन बारीक ठिपके, रक्ताचा एक थेंब. दुखत मात्र काहीच नव्हतं.

दुखत नाही म्हणूनच तिचं धाबं दणाणलं. ड्यूगाइट हा इथला तपकिरी जहरी साप चावलेला कित्येकदा कळतही नाही, हे तिनंच नवख्यांना शिकवलं होतं. तिनं पाठीवरची सॅक टाकली, विष ओळखता यावं म्हणून जखम न धुता बोटांपासून मांडीपर्यंत पट्टी करकचून आवळली, पायाला काठी बांधली आणि वाटेवरच आडवी झाली. आता हलायचं नाही. हललं की विष चढतं.

बीकन खिशात होता. हात तिथवर गेला आणि थांबला.

"आणि नुसती काटकी निघाली तर?" ती स्वतःशीच म्हणाली. "काटकीपायी हेलिकॉप्टर! गावभर शोभा होईल, ग्लेनिसबाई." पुढचा निवारा अकरा किलोमीटरवर होता. तिथं कुणीतरी असेलच. सावकाश चालत गेलं तर? ती कोपरावर उठलीसुद्धा.

तोंडाला कोरड पडली होती. भीतीनं की विषानं? हातापायांना कापरं सुटलं होतं. तेही भीतीनं की विषानं? विचारायचं तरी कुणाला! वर झाडाच्या शेंड्यावर कावळा ओरडला तरी तिच्या अंगावर काटा येत होता. आपण इथंच मरणार, असं तिला अगदी स्वच्छ वाटलं.

आणि मग तिला नेव्हिल आठवला. तिचा शेजारी, तिच्या प्रत्येक थट्टेला सगळ्यांत मोठ्यानं हसणारा. गेल्या हिवाळ्यात तो एकटाच रानात गेला आणि पाय मोडून, दोन रात्री थंडीत काढून मेला. बीकन त्याच्या खिशात होता, चालू स्थितीतला, न दाबलेला. पथकाबरोबर त्याला शोधायला गेलेल्या ग्लेनिसनंच तो खिशातून बाहेर काढला होता. त्याची बायको ब्रॉनविन तेव्हापासून एकच विचारत होती, "का नाही गं दाबलं त्यानं?" ग्लेनिस म्हणायची, "शुद्ध हरपली असेल."

पण नेव्हिलनं मोडक्या पायाला काठ्या बांधल्या होत्या, अगदी नीट. ओढ्यापासून वाटेपर्यंत सरपटत आला होता. शुद्ध हरपलेला माणूस असलं काही करतो होय?

"अगं आई गं," ग्लेनिस म्हणाली. तिनं बीकनची अँटेना उभी केली आणि बटण दाबलं.

हेलिकॉप्टर यायला दोन तास लागले. दोरावरून उतरलेल्या पोरीला ती रडत म्हणाली, "नुसता ओरखडाही असेल हो. माफ करा."

"असू दे की, बाई. ओरखडा निघाला तर सगळे वेळेवर घरी जाऊ."

इस्पितळात तीनदा रक्त तपासलं. विष नव्हतं.

गावात परतल्यावर ती स्वतःच्या घरी गेलीच नाही. शेजारच्या दारासमोर बराच वेळ उभी राहिली. हात दारापर्यंत जायचा आणि मागे यायचा. शेवटी ब्रॉनविननंच दार उघडलं आणि तिला घट्ट मिठी मारली.

"बरं केलंस बाई, तू तरी दाबलंस!"

"ब्रॉनविन, नेव्हिलची शुद्ध हरपली नव्हती."

"मग?"

"माझ्या जिभेला भ्याला गं तो."

ब्रॉनविननं मिठी सोडली.