उलटा पंख

मानवतच्या उद्धवने घडवलेला वखर म्हणजे बघायचं काम नव्हतं. त्याची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, जमिनीत अशी घुसायची की लोक सोनपेठहून वखर करून न्यायला यायचे. पुढे ट्रॅक्टर आले, वखर भंगारात गेले आणि उद्धव मोटारींचे पत्रे ठोकायला लागला.

एक दिवस खत-बियाण्यांचे दुकानदार दत्तराव गाडी घेऊन आले. डिकीवर बसवायला त्यांनी एक लांबलचक काळा पंख मागवला होता. उद्धवने तो हातात फिरवून बघितला, फुगीर बाजू खाली धरली आणि बोल्ट आवळले.

"उलटा बसवलास की रे," दत्तराव म्हणाले. "विमानाचा पंख बघितला न्हाईस का? फुगीर अंग वर असतंय."

"विमानाला वर जायचं असतंय, मालक. गाडीला भुई धरून ऱ्हायचंय. वखर वरवर चालायला लागला की आपण त्याच्यावर दगड ठिवतो, तसा ह्यो वाऱ्याचा दगड हाय. गाडी जितकी जोरात, तितकं वारं मागची चाकं खाली दाबतंय."

दारातल्या बाकावर बसलेले चौघे रिकामटेकडे हसले.

"दहावी नापास मानूस मला शिकवायलाय," दत्तराव म्हणाले. "खामखा डोकं खाऊ नको. सरळ कर."

उद्धवच्या अंगाचा तिळपापड झाला. नाही म्हणायला हवं होतं. पण गिऱ्हाईक मोठं, आणि चारचौघांत हसं झालेलं. घे तर मग, असं मनात म्हणत त्याने पंख पालथा केला आणि खरं सांगायचं तर बोल्ट जरा जास्तच घट्ट आवळले.

आठवडाभराने देवगाव फाट्याच्या अलीकडच्या वळणावर, एकशे वीसच्या वेगात, गाडीचं बूड हलकं झालं. मागची चाकं सुटली आणि गाडी गरगरत शेतात गेली. दत्तरावांचा पाय मोडला. पंख मात्र जागचा हलला नव्हता.

विम्याचा माणूस गाडी बघायला आला आणि पहिलंच वाक्य बोलला, पंख उलटा बसवलाय. झालं. दत्तराव खाटेवरून तेच सांगत सुटले. बाकावरचे चौघेही म्हणाले, "आमी त्याच दिवशी बघितलं होतं, उलटा हाय म्हनून." महिनाभरात उद्धवच्या दारात पंक्चरची सायकलसुद्धा येईना.

"तुमी सांगा की लोकायला खरं काय ते," बायको, चांगुणाबाई, कळवळून म्हणाली.

उद्धवने हातातला पाना खुंटीला अडकवला.

"काय सांगू?" तो म्हणाला. "या बारीला ते खरंच बोलायलेत."