कॉपीतली अकरा नावं

मस्कतला निघालो त्या सकाळी माझे वडील, आबा, महाळुंगे पडवळच्या फाट्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. बॅग त्यांनी मला उचलू दिली नाही. जीप दिसली तेव्हा म्हणाले, "तू तापट हायेस. कुणाला जबाब द्यायच्या आधी तांब्याभर पाणी पीत जा." मी हसलो. त्या तापटपणावरच तर माझं पोट चालत होतं. चाकणच्या कारखान्यात पेट्या उचलण्यापासून मी खरेदी खात्यापर्यंत पोचलो, तो कुणाच्या चिठ्ठीवर नाही, घासाघीस करून.

मस्कतच्या ऑफिसात मात्र भांडायचं ते मेलवर. माझा पहिला मेल सगळा कॅपिटल अक्षरांत होता. शेजारच्या मल्याळी बाईंनी विचारलं, एवढं ओरडताय कशाला? मग मी इतरांच्या मेलमधली वाक्यं वहीत उतरवून घेऊ लागलो. काइंडली, अ‍ॅज डिस्कस्ड, वॉर्म रिगार्ड्स. वर्षभरात मला गोड शब्दांत समोरच्याची मानगूट धरता यायला लागली, आणि त्याचा मला अभिमान वाटायचा.

विलासला तिकडे मीच नेलं. आमच्या आळीतला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणणारा. तो स्टोअरला लागला. तिसऱ्या महिन्यात एका पंपाच्या ड्रॉइंगसाठी त्याचा मला मेल आला: थर्ड रिमाइंडर. कॉपीत जनरल मॅनेजरसकट अकरा जण. त्याचे आधीचे दोन मेल मी उघडलेच नव्हते, हे खरं. पण चार टेबलं सोडून बसत होता, उठून यायचं होतं, हे मी आजही म्हणतो.

मी रिप्लाय ऑल दाबलं. काइंडली लक्षात ठेव, तू इथं माझ्यामुळं आहेस, गावात तुला कुणी शिपाई म्हणूनही ठेवलं नव्हतं, असं इंग्रजीत लिहिलं. खाली वॉर्म रिगार्ड्स.

दहा मिनिटांत त्याच अकरा जणांना त्याचं उत्तर गेलं: नोटेड विथ थँक्स, सर. ड्रॉइंग आजच मिळालं तर बरं होईल. त्या दिवसापासून त्यानं मला दादा म्हटलं नाही. आम्ही दोघंच मराठीत बोलत असलो तरी सर. कँटीनमध्ये तो आला की लोक बोलता बोलता थांबायचे.

आबा बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा व्यापार करायचे. उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरायचा. मला ती लपवाछपवी वाटायची. सौदा मोडला तर कोण किती उतरला, कोण कुठं अडला, हे त्या दोघांपलीकडे कुणाला कळू नये यासाठी ते असतं, हे मला कॉपीतली ती अकरा नावं पुन्हा वाचताना समजलं.

माफीचा मेल मी तीनदा लिहायला घेतला. दर वेळी दुसऱ्याच ओळीत माझी बाजू यायची. पुसून टाकायचो. कराराची दोन वर्षं संपली आणि विलास गावी परतला. आता त्याची रोपवाटिका आहे.

यंदा सुट्टीत त्याच्या घरी गेलो. एव्हाना गावाला सगळं कळलं असेल या भीतीनं ओसरीवर पाय ठेवला. त्याची आई चहा घेऊन आली. "दत्ता, तुज्यामुळं पोरगं परदेश बघून आलं," काकी म्हणाल्या. "लई नाव काढतो तुजं."

विलास शेजारीच बसला होता. "दादा, चहा घ्या. गार व्हतोय."

म्हणजे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. माझी मान वर होईना.

गाडीपर्यंत तो पोचवायला आला. आम्ही दोघंच होतो. माफ कर म्हणायला मी तोंड उघडलं आणि निघालं, "काय लागलं तर मेल टाक."

"बरं, सर," तो म्हणाला, आणि फाटक लावून घेतलं.

मागं राहिलेल्यांनो, माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांनो, माझं गाव आता मला दादा म्हटलं जातं त्या काकींच्या ओसरीपुरतं उरलंय. तेही विलास गप्प बसलाय म्हणून.