पाच एकरांखालचे तुकडे

मोकसेद बांगलादेशातल्या गाईबांध्याला नकाशे करायचा. पूर आला की मदतीच्या होड्या त्याच नकाशांवर चालत. मी त्याच कचेरीत गावांची नावं तपासायचो. बंगाली साहित्य शिकलेल्याला तेवढंच काम मिळालं होतं.

त्याच्याकडे जमीन आकड्यांत यायची. अक्षांश-रेखांशांचे लाखो बिंदू. ते जोडून तो रेषांचं चित्र करायचा. भिंतीएवढं मोठं केलं तरी चित्र धूसर व्हायचं नाही. याचा त्याला फार अभिमान. तो चरावर जन्मला होता, नदीतल्या वाळूच्या बेटावर. त्याचं घर नदीनं सात वेळा नेलं होतं.

त्या श्रावणात आमची जमुना नदी फुगली. पुरात उरलेल्या जमिनीचे ताजे आकडे आले. चित्र इतकं जड झालं, की छापखान्यातला संगणक तीनदा बंद पडला.

आमच्या प्रमुख जमिला आपा दारातूनच ओरडल्या, "मोकसेद, नकाशा मागितला होता, हत्ती नाही! होड्या घाटावर खोळंबल्यात."

"दहा मिनिटं, आपा."

"दहा मिनिटांत माणसं बुडतात रे."

त्यानं बिंदू विरळ केले. पडद्यावर खाली एक चौकट होती : पाच एकरांहून लहान तुकडे गाळायचे का? आमच्या कामात सगळेच तिथं खूण करतात. एरवी ते तुकडे म्हणजे मोजणीतला कचरा. त्यानंही केली. नकाशे छापले, होड्या गेल्या. नावाडी बरिशालकडचे होते. आमची नदी त्यांना परकी.

तिसऱ्या सकाळी माझ्या यादीतलं एक नाव नकाशात सापडेना.

"कांचीपाडा चर कुठंय रे?"

"आंधळ्या, माझ्या बहिणीचं, शेफालीचं सासर ते. हे बघ, इथं..."

बोटाखाली निळं होतं. त्यानं चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. निळंच.

पुरानं खाऊन चर चार एकर उरला होता. असे सात चर गळले होते. ज्यांना होडी सगळ्यात आधी हवी होती, तेच.

त्यानं इद्रिस चाचांना फोन लावला. त्या बाजूची होडी त्यांची. फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता.

"त्या वाटेनं काल दोनदा गेलो की," चाचा म्हणाले. "लांब कुणीतरी लाल कापड हलवत होतं. नकाशात नुसतं पाणी. म्हटलं, होडीवाले असतील."

"चाचा, घरं आहेत तिथं! माझी बहीण आहे!"

"मग नकाशात का नाही, बाबा?"

मोकसेदनं जागा सांगितली. मग सातही चर हातानं परत काढले.

दुपारी चाचांचा फोन आला.

"दोन छपरं दिसतायत, बाबा. माणूस नाही."

"पुढं जा, चाचा. वाहत पुढं गेले असतील."

"पुढं कुठं? नाव सांग, जातो."

मोकसेद प्रवाहाच्या दिशेनं एकेका चराचं नाव सांगत गेला. प्रत्येक नावाला चाचा "बरं" म्हणत होते. नावं संपली. तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.