लक्षद्वीपचा तास

परवा कपाट आवरताना जुन्या कापडी नकाशाचा कुबट वास आला आणि मला दुष्काळातला, तलवाड्याच्या शाळेतला तो तास आठवला. मी भूगोल शिकवत होते. लक्षद्वीपची बेटं दाखवत मी म्हणाले, "चहूकडे समुद्र, पण वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर असतो. तो फार उपसला, की खालचं खारं पाणी वर येतं."

सातवीतली सुनंदा हळूच उभी राहिली. "बाई, आमच्या हिरीचं पाणी आठ दिस झाले खारं लागतंय. आमच्या खाली बी समुद्र हाय का?"

कुणी हसलं नाही. मागून एक मुलगी म्हणाली, "आमचं बी तसंच हाय."

समुद्र नव्हता, हे मला ठाऊक होतं; पण खोल खडकातलं पाणीही खारं असू शकतं. शाळा सुटल्यावर मी तिच्या विहिरीवर गेले. तिचे वडील सहकारी पाणी संस्थेचे चेअरमन होते. उसासाठी मोटारी अखंड चालू होत्या. मी ओंजळभर पाणी प्यायले, तर जिभेवर मीठ राहिलं.

"दादा, उपसा थांबवा. खालचं खारं पाणी वर येतंय."

"बाई, तुमी पुस्तकातलं सांगताय. ऊस वाळला तर संस्था बुडंल," ते मोटारीकडे बघत म्हणाले.

मी परतले. सांगून झालं, माझं काम संपलं, असं तेव्हा वाटलं. आज वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायला हवं होतं. उन्हाळ्यातच ऊस पिवळा पडून वाळला आणि सुनंदाची सारी वस्ती गाव सोडून उठून गेली. जूनमध्ये आठवीच्या हजेरीत मी ओळीने पाच नावं पुकारली, आणि वर्ग गप्पच राहिला.