हाताला लागलेलं रडणं

सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात मी पंधरा-सोळा वर्षं नर्स होते. बाळ पहिल्यांदा रडलं की खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. ते रडणं ऐकू न येणारी आईही असू शकते, हे माझ्या ध्यानात यायला मात्र पाचोडहून ती सासू-सुनेची जोडी यावी लागली.

सासू आठवडी बाजारात बांगड्या विकायची. सून जन्मापासून बहिरी, पहिलटकरीण. केसपेपरवर ‘मूकबधिर’ एवढंच लिहिलेलं, आणि तेवढ्यावर आम्ही सगळे सासूशीच बोलत होतो. मीही.

“कळा कधीपासून येतायत हिला?” मी सासूला विचारलं.

“तिलाच विचारा की सिस्टर. लई हुशार हाय ती. बाजारात गिऱ्हाईक करती माझ्यासंगं. फक्त तेवढं तोंडावरचं फडकं काढा. ओठ दिसल्याबिगर तिला कसं कळावं?”

मी ओशाळले. मास्क खाली ओढून सुनेसमोर बसले आणि तोच प्रश्न सावकाश विचारला. तिनं हातानं सूर्य वर येताना दाखवला. म्हणजे सकाळपासून. मग सासूचा पदर घट्ट धरून आतल्या खोलीकडं बोट केलं.

“मला बी तिच्यासंगं आत येऊ देता का, म्हणतीय,” सासू म्हणाली.

आमच्याकडं तेव्हा नातेवाइकांना दारातच थांबवत. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, “मॅडम, हिला आपलं बोलणं कळणार कसं? सासूला आत घेऊ या.”

त्यांनी मान डोलावली. “घ्या. पण मास्क बांधून, डोक्याशी उभं राहू दे त्यांना.”

आम्ही तिघींनी खुणा ठरवल्या. मूठ आवळली की जोर लावायचा, पंजा उघडला की दम घ्यायचा. सून प्रत्येक खूण बरोबर पाळत गेली. इतकं नीट ऐकणारी बाई मी त्या टेबलावर क्वचितच पाहिली होती.

दुपारी मुलगी झाली, खणखणीत रडली. डॉक्टरबाई हसल्या, मी हसले, पण सगळं मास्कच्या आड. सासू मात्र आनंदानं हमसून रडायला लागली. सुनेला फक्त सासूचे वाहणारे डोळे दिसले आणि तिचा स्वतःचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वाटलं, बाळ गेलं.

मी बाळ उचलून तिच्या छातीवर ठेवलं आणि तिचा हात बाळाच्या पाठीवर दाबून धरला. इवलीशी पाठ रडण्यानं थरथरत होती. सुनेनं डोळे मिटले. कितीतरी वेळ तिनं तो हात हलवला नाही. मग दुसऱ्या हातानं सासूचे डोळे पुसले.

घरी जायच्या आधी तिनं मला जवळ ओढून बाळाच्या कानाकडं बोट दाखवलं. कानाची तपासणी कशी करतात ते मी कागदावर चित्र काढून तिलाच समजावलं. निकाल येईपर्यंत खरं तर मीच जास्त घाबरले होते.

“ऐकू आलं तर चांगलंच हाय,” सासू म्हणाली. “नाय आलं तरी आमच्या घरात बोलायचं अडत नाय.”

बाळाला ऐकू येत होतं.

तेव्हापासून अशी कुणी आली की मी केसपेपरवर लाल शाईनं लिहायचे, ‘ओठ वाचते. मास्क काढून, समोर बसून बोला.’ इन्चार्ज सिस्टर आधी कुरकुरल्या. पुढं त्यांनीही लिहायला सुरुवात केली.

लसीकरणाला सून बाळाला घेऊन एकटीच एसटीनं आली. केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस “सोबत कोण आहे?” असं पुन्हा पुन्हा विचारत होता आणि ती ठामपणे स्वतःकडं बोट दाखवत होती. मी जाऊन तिचा लसीकरणाचा कागद खिडकीत पुढं केला. बाळाचं नाव विचारलं, तर तिनं हनुवटीला बोट टेकवलं. मुलीच्या हनुवटीवर खळी होती, घरात तिला हाक मारायची खूण तीच. मीही वाकून तशीच हाक मारली. पोरगी बोळकं पसरून हसली.