भांडणाऱ्याने बटण दाबावे

रविवार, सकाळी दहा. कंधार रस्त्यावरची आमच्या डाळमिलची शेड. हजर: देवराव, काशीबाई, तिच्या बचत गटातल्या नऊजणी, दोन हमाल, नांदेडहून आलेले सीए साहेब, खाली सतरंजीवर मावतील तेवढे सभासद, आणि नोंद घेणारी मी, कंपनीची व्यवस्थापक. गैरहजर: अध्यक्ष. शोकसभा त्यांचीच होती. वैजनाथअप्पा गेले तेव्हा मी लातूरच्या अडतीवर डाळीची पोती उतरवून घेत होते. फोन ऐकला, उरलेली पोती मोजली आणि मगच खाली बसले. मधेच बसले असते तर अप्पांनी विचारलं असतं, ताई, एक पोतं कमी कसं?

आमची शेतकऱ्यांची कंपनी नफ्यात आहे आणि तिने आजवर कुणाला लाभांश दिलेला नाही. हे सारं अप्पांचं. पहिल्या वर्षी नफा झाला तेव्हा सभेत देवराव उठले. "अप्पा, ह्या शेअरच्या कागदाचं काय लोणचं घालू?" अप्पा म्हणाले, "घाल की, पन बरणी मिलमधी ठेव." मग सभा तशीच उठवून सगळ्यांना शेडमध्ये नेलं. तिथे नवी चाळणी उभी होती. "तू लई वरडला. दाब बटण." देवरावांनी बटण दाबलं, आणि खडे एकीकडे, तूर दुसरीकडे पडायला लागली. देवराव तासभर हलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ती चाळणी 'देवरावची' झाली. ते येणाऱ्याजाणाऱ्याला ती अशी दाखवायचे, जशी काही घरच्या गोठ्यातली म्हैस...

मग दरवर्षी तेच. नफ्यातून मशीन यायचं, जो सभासद सगळ्यात जास्त भांडेल त्याने बटण दाबायचं, मशीनला त्याचं नाव पडायचं. खोटं भांडण मात्र अप्पांना लगेच कळायचं. अशा माणसाला ते चहा पाजून खाली बसवायचे.

काशीबाईचं भांडण खरं होतं. ज्या वर्षी तूर वाळवायचा ड्रायर घ्यायचा होता, त्या वर्षी ती सगळ्या बायांना घेऊन आली आणि उभी राहून म्हणाली, "अप्पा, मशीन बघून पोट भरत न्हाई. हात वर करायला लावा." हात वर झाले असते तर अप्पा हरले असते, मला समोरून स्पष्ट दिसत होतं. ड्रायर गेला असता, अप्पांची खुर्चीही गेली असती. अप्पा म्हणाले, "एक हंगाम दे. आपली डाळ लातुरात आपल्या भावानं गेली न्हाई, तर मी खुर्ची सोडतो, आन् सगळा नफा वाटा."

"लिहून द्या."

मी तिथेच अप्पांचा शब्द लिहिला आणि त्याखाली कंपनीचं लाभांशाचं धोरण. तीन ओळी. नफा मिलमध्ये घालावा. घातलेला नफा सभासदाला डोळ्यांनी दिसावा. सर्वांत जास्त भांडणाऱ्याने बटण दाबावे. नंतर सीए साहेब हसले होते, "जी कंपनी लाभांश देतच नाही, तिला लाभांशाचं धोरण कशाला?" अप्पा म्हणाले, "साहेब, देनाऱ्याला चेकबुक पुरतं. धोरण न देनाऱ्यालाच लागतंय."

त्या हंगामात ऐन काढणीला पाऊस आला. सगळीकडची तूर ओली, व्यापारी हात आखडून बसलेले. आमची तूर ड्रायरमधून निघाली. डाळीचा टेम्पो लातूरला गेला तेव्हा काशीबाई हट्टाने ड्रायव्हरशेजारी बसली. अडत्याने पोत्यात हात घातला, दाणा दाताखाली कडकन फोडला, दुसरा फोडला. "कुठली हो ही?" मी तोंड उघडायच्या आत काशीबाई म्हणाली, "माझ्या ड्रायरची." भाव आम्ही सांगितला, त्याने दिला. परतताना मी अप्पांना फोन लावला, तर काशीबाईनेच तो ओढून घेतला. "अप्पा, खुर्चीवरून उठू नका!"

गेल्या सभेत मी नेहमीप्रमाणे लाभांशाचा विषय वाचला आणि थांबले. कुणीच उठेना. अप्पा सतरंजीभर बघत राहिले. "आरं, काय झालं तुमाला? देवराव, भांड की!"

"माझं भांडून झालंय, अप्पा. तूर आपली, डाळ आपली, भाव आपला. आता काय मागू?"

"काशीबाई?"

"मी बी खूश हाय. काय करून घेता?"

अप्पा इतके हसले, की टोपी काढून टोपीनेच डोळे पुसले. मग त्या वर्षीच्या नफ्यातून आलेल्या पॅकिंग मशीनकडे बोट दाखवून म्हणाले, "मग ह्याचं बटण कुनी दाबायचं? ऱ्हाऊ द्या तसंच. कुनीतरी भांडंल." तीन आठवड्यांनी ते गेले. जिंकलेला माणूस मी इतक्या जवळून दुसरा पाहिलेला नाही.

शोकसभेनंतर सीए साहेबांनी विचारलं, अध्यक्षांच्या स्मरणार्थ आजच मशीन सुरू करू या का? काशीबाई उसळली, "धोरन हाय ना लिहिलेलं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यामुळे मशीनवर अजून प्लास्टिक आहे, हिरवं बटण त्यातून दिसतं, आणि पाकिटं आम्ही हातानेच भरतो आहोत. मीही सभासद आहे. इतक्या वर्षांत कधी भांडले नाही. गेले पंधरा दिवस रोज एखादी खरी तक्रार शोधते आहे, सापडत नाही. माझ्या वहीत तुरीचा हंगाम सुरू होण्याआधीच्या कामांची यादी आहे. पट्टे बदलले. पोती मागवली. वजनकाटा तपासून घेतला. सगळ्यांपुढे खूण झाली आहे. शेवटचं काम, 'भांडणारा शोधणे', तेवढं बाकी.