पाण्याची बाटली रिकामी होईपर्यंत

वर्गात जो बोलत नाही, त्याच्याकडे किस्से फार साठतात. बोलणाऱ्यांचे बोलून संपतात. माझे वहीच्या मागच्या पानांवर पडून राहतात. यंदा तर ती मागची पानं पुढच्या पानांना येऊन भिडली, कारण आमच्या सुमा मिसनी नववीच्या वर्गाचं अथेन्स केलं!

प्राचीन ग्रीस आणि रोम नुसतं वाचायचं नाही, करून बघायचं, असं त्यांचं म्हणणं. दर शुक्रवारी स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या निघणार. नाव निघेल त्याने सभेपुढे बोलायचं. किती वेळ? तळाला भोक पाडलेल्या बाटलीतलं पाणी संपेपर्यंत! अथेन्सच्या कोर्टात असंच घड्याळ असायचं म्हणे. जो बोलणार नाही, त्याला प्रोजेक्टचे मार्क शून्य.

मी घरी तशीच बाटली करून बाथरूममध्ये सराव केला. पाणी संपलं. मी 'नमस्कार'च्या पुढे गेले नव्हते.

*

पहिली चिठ्ठी रोहनची. तो टोगा म्हणून सोलापुरी चादर गुंडाळून आला, घामाने निथळत.

"टोगा रोमचा असतो रे," मिस म्हणाल्या. "आपण अथेन्समध्ये आहोत."

"चादर सोलापूरची आहे, मिस. चालेल?"

बाटली रिकामी झाली तरी तो थांबेना. "परत भरा ना, मिस!" शेवटी त्याला गप्प करायला मिसनी बाटलीचं कामच त्याच्याकडे दिलं. कुणी बोलू लागलं की भोकावरची चिकटपट्टी काढायची.

*

ईरा माझ्या बाकावर बसते. पुण्याहून आलेली, राहते सर्जापूर रोडला, जिथे पाणी टँकरनेच येतं. स्पार्टाची मुलं कशालाच घाबरत नसत, हे वाचून तिने बाकावरून उडी मारली. उजवा हात प्लास्टरमध्ये!

ती अजिबात रडली नाही. सुमा मिस रडल्या.

पुढच्या आठवड्यात मिसनी विचारलं, "रोम शहरात पाणी कसं यायचं?"

ईराने डावा हात वर केला. "टँकरने!"

*

दर शुक्रवारी मी डब्याकडे बघत बसायची. शेवटच्या शुक्रवारी आत एकच चिठ्ठी उरली. ती उघडायची गरजच नव्हती.

त्याच तासाला, भाषणाच्या आधी, हद्दपारीचं मतदान होतं. खापराच्या तुकड्यावर एकाचं नाव लिहायचं. सगळ्यात जास्त मतं ज्याला, त्याने तासभर लायब्ररीत बसायचं. हद्दपार माणूस सभेत बोलू शकत नाही, म्हणून त्याला भाषण माफ.

खापरं माळीकाम करणाऱ्या मंजुनाथ अण्णांकडून आणली. छत्तीस तुकडे भरेनात, तेव्हा त्यांनी एक चांगली कुंडी फोडली. "सरी, ठीक आहे. ऑफिसात सांगा, अथेन्सने फोडली."

*

त्या दिवशी डब्याच्या सुट्टीत ईरा एकेका बाकापाशी जाऊन कुजबुजत होती. सगळे माझ्याकडे बघायचे. मी जवळ गेले की गप्प. मी डबा न खाताच बंद केला.

मतदानाला तिने आपलं खापर माझ्यापुढे सरकवलं. "माझा हात असा. तू लिही."

"कुणाचं नाव?"

"तुझं."

"मी काय केलं गं?"

"अगं वेडे, हद्दपार झालीस की बोलावं लागणार नाही! सकाळपासून थरथरतेयस. सगळ्यांना सांगून ठेवलंय मी."

मी माझं नाव लिहिलं. अक्षर मात्र नीट काढलं.

मला सतरा मतं पडली, रोहनला सोळा. मिसनी नाइलाजाने दाराकडे बोट दाखवलं. मी माझी वही उचलली आणि दारापर्यंत पोचले. मागून मिसचा आवाज आला, "या खापरावर काय सुंदर अक्षर आहे! कुणाचं?"

मी वळले.

"मिस, ते मत बाद करा."

मग सगळंच सांगावं लागलं. अक्षर माझं आहे. माझं स्वतःचं खापर वेगळं आहे. एकाच हाताने दोन मतं लिहिली, तर अथेन्समध्ये ती कोण मोजेल? ईराचा हात मोडलाय, तर तिचं मत मिसनी लिहून घ्यायला हवं होतं. माझं नाव माझ्याच हातात दिलं, तर मी ते बदललं नसतं कशावरून? एक मत गेलं की सोळा-सोळा. बरोबरी झाली तर कुणालाच घालवता येत नाही.

"बरोबर," मिस म्हणाल्या. "मग आता तुला बोलावं लागेल."

मी कशीबशी टेबलापाशी गेले.

चिकटपट्टी रोहनच्या बोटाला चिकटलेली होती. टेबलावरची बाटली केव्हाच रिकामी झाली होती.